लाजाळूची खंडेनवमी

“सोड! सोड म्हणते ना! मेल्या, सोड माझ्या सुनेला!”

ओरडत होती माझी आई. तिचा आवाज काय सांगू! मिरजेत ती मला जेवायला हाक मारायची तेव्हा कृष्णेच्या पलीकडच्या काठावरची पोरं हात धुऊन पानावर बसायची. तोच आवाज आता मॅसॅच्युसेट्समधल्या एका बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्यात विटांच्या भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परत येत होता. समोर छताला टांगलेलं, बैलगाडीएवढं एक पोलादी धूड होतं. त्याच्या फासळ्या मिटलेल्या होत्या. त्या फासळ्यांत माझ्या बायकोचं मंगळसूत्र अडकलं होतं, आणि मंगळसूत्रात अर्थातच तिची मान होती. आई ओरडली की फासळ्या आणखी बोटभर मिटत, बायकोचा गाल त्या थंड पोलादाला आणखी चिकटे, आणि ते बघून आई आणखी ओरडे.

“आई, गप्प बस!” मी ओरडलो.

फासळ्या माझ्यासाठीही बोटभर मिटल्या. धूड अगदी निःपक्षपाती होतं.

तिथवर आम्ही कसे पोचलो ते सांगतो. भराभर सांगतो, कारण तिला तसं वाकलेलं ठेवून लांबण लावणं आजही मला जमत नाही.

आम्ही तेव्हा श्रूजबरीत राहायचो. वरच्या मजल्यावर आम्ही, खालच्या मजल्यावर एक कोरियन बाई. आमचं नातं जिन्यातल्या ‘हाय’पुरतं. मग एका रविवारी बायकोने पुण्याहून आणलेल्या मिक्सरवर खोबऱ्याची चटणी लावली. त्या मिक्सरचा आवाज असा की बॉस्टनला उतरणारी विमानं आमच्या घराला वळसा घालून जात. दारावर टकटक झाली. मी मनात इंग्रजीतून माफी जुळवत दार उघडलं, तर बाई हातात भरताच्या वांग्याएवढा मायक्रोफोन घेऊन उभ्या.

“पुन्हा लावा,” त्या म्हणाल्या.

चटणी संपली होती म्हणून बायकोने रिकामाच मिक्सर फिरवला. बाईंनी डोळे मिटून तो ऐकला, जसं आपण एखाद्या जुन्या गवयाचं ध्वनिमुद्रण ऐकतो. मग म्हणाल्या, “हा फार चांगला भीतीचा आवाज आहे.” बायकोला ती स्तुती वाटली. तिने त्यांना चटणी दिली.

बाई कलावंत निघाल्या. आपल्याकडे कलावंत म्हटलं की खांद्याला शबनम आणि येतो म्हणून न येणं. या बाई मेकॅनिकसारखा डगला घालायच्या आणि आठला येते म्हणाल्या की त्यांच्याकडे बघून घड्याळ लावावं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे हे कळल्यावर त्या मला एका शनिवारी त्यांच्या जागेत घेऊन गेल्या. तो बूट-कारखाना. आतला हॉल एवढा मोठा की कोपऱ्यात शनिवारवाडा आणून ठेवला असता तर नंतर शोधायला लागला असता. बाई आणि आणखी दोघे कोरियन कलावंत मिळून तो वापरत.

ते दोघे त्या दिवशी नव्हते, त्यांची कामं मात्र होती. एकाने लोकांनी टाकून दिलेल्या छत्र्यांच्या काड्यांचा करकोच्यांचा थवा केला होता. खाली एक सायकल. पॅडल मारलं की वर सगळे करकोचे एकदम पंख हलवत. मी मारलं. इतक्या जोरात मारलं की थवा कॅनडाला निघाला असता, बाईंनी सीट धरून मला थांबवलं. दुसऱ्याने त्याच्या लहानपणची गल्ली केली होती, जी आता पाडून तिथे टॉवर उभे राहिलेत. सगळी घरं जुन्या शर्टांची. खळ घातलेल्या कॉलरी उलट्या ठेवून केलेली छपरं, कडेला जरा वर वळलेली. बटणांच्या पायऱ्या. मी गुडघ्यांवर बसून एका दारात डोकावलो तर आत शर्टाच्या खिशाचं अंथरूण घातलेलं होतं. मला उगीचच गलबलून आलं आणि मी उठलो.

मग बाईंनी त्यांचं काम दाखवलं.

पोलादाच्या लांब वाकड्या फासळ्या, मध्ये तेल लावलेला जाडसर कोरियन कागद ताणलेला, आणि पोटात एक नारिंगी दिवा, जो मंद व्हायचा, उजळायचा, मंद व्हायचा. तोंड नाही, शेपूट नाही. उघड्या फासळ्यांचं ते छातीच्या उंचीवर लटकत होतं आणि श्वास घेत होतं. मी हळूच म्हणालो, “हे काय आहे?” बाई म्हणाल्या, “घाबरलेलं आहे.”

त्यांचं म्हणणं असं : जनावर, झाड, माणूस, भ्यायलं की मिटतं. शांतता असली तर हे उघडं राहील. मोठा आवाज झाला की मिटेल. आवाज होत राहिला तर मिटतच जाईल. पुन्हा पुरती शांतता झाली, आणि बराच वेळ टिकली, की हळूहळू उघडेल. मोटरी त्यांनी बसवल्या होत्या, कान म्हणून मायक्रोफोन लावले होते, आता त्याला डोकं हवं होतं. ते मी द्यायचं. मला एकदम आमच्या अंगणातली लाजाळू आठवली. तेव्हापासून घरात आम्ही त्या धुडाला लाजाळूच म्हणायचो.

“आणि बंद करायचं बटण कुठे द्यायचं?” मी विचारलं.

“घाबरलेल्याला बटण नसतं.”

“वीज गेली तर?”

“तर पूर्ण मिटायचं. मरताना सगळे मिटतात.”

मी तसं लिहिलं. आत एक बॅटरी होती, वीज तुटली की तिच्या जोरावर ते शेवटचं एकदा पूर्ण मिटणार. माझ्या कोडमध्ये चूक नव्हती हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. सगळा घोळ त्यामुळेच झाला. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी शिंकलो आणि ते असं खाडकन मिटलं की आत विसरलेला माझा स्क्रूड्रायव्हर बाहेर आला तेव्हा त्याची चकली झाली होती. त्या दिवसापासून मी लाजाळूजवळ मांजराच्या पावलांनी जायचो. रात्री झोपेत बायकोने कूस बदलली तरी मी दचकायचो.

त्या शरद ऋतूत आई आली. सहा महिन्यांच्या व्हिसावर आणि सोबत सहा वर्षं पुरेल एवढं मेतकूट घेऊन. खंडेनवमीला तिने मला पाटावर बसवलं आणि म्हणाली, “हत्यारं आण.” मी लॅपटॉप आणला. तिने त्याला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि त्याच्याकडे बघत राहिली.

“याने साधी सुपारी तरी फुटेल का रे?”

“आई, हेच माझं हत्यार आहे.”

“आजोबांची भट्टी होती. काय ऐरण होती! पूजा करताना हात थरथरायचा. याच्यासमोर हात जोडायचे म्हणजे टीव्हीला जोडल्यासारखं वाटतं.” मग तिचे डोळे चमकले. “त्या खालच्या बाईंकडे तू यंत्र केलंस ना? हलणारं? त्याची केलीस पूजा?”

लाजाळू दोन दिवसांनी न्यूयॉर्कला प्रदर्शनाला जाणार होती. मी म्हणालो, “अमेरिकेत असलं नसतं.” आई म्हणाली, “म्हणूनच इथली यंत्रं मेली सारखी बिघडतात.” बायको जिन्यातून खाली जाऊन बाईंना विचारूनही आली. मला वाटलं बाई नाही म्हणतील. बाई खूश झाल्या! त्यांच्याकडेही असतं म्हणे. नवी गाडी घेतली, दुकान उघडलं, यंत्र बसवलं की पूजा मांडतात, वाकून नमस्कार करतात, वाफवलेला तांदळाचा केक ठेवतात, आणि मध्यभागी डुकराचं डोकं.

हे मी आईला भाषांतर करून सांगितलं. आईने थोडा वेळ छताकडे बघितलं.

“केक चालेल म्हणावं,” ती म्हणाली. “डोक्याच्या जागी माझा नारळ. शेंडी आहे, डोळे आहेत, आणखी काय पाहिजे?”

बाईंना ते पटलं. दुपारी आम्ही चौघं कारखान्यात. मी गाडीत दोनदा बजावलं होतं : आत हळू बोलायचं. आईने मान डोलावली होती. आणि शब्दाला ती पक्की! आत गेल्यावर एक अक्षर मोठ्याने बोलली नाही. दाराच्या आतल्या बाजूला चपला काढल्या, खुणेने आम्हालाही काढायला लावल्या, लाजाळूभोवती एक फेरी मारली, फासळ्यांना हात न लावता वरून माया केल्यासारखा हात फिरवला, आणि माझ्या कानात कुजबुजली, “कपाळ कुठेय याचं?”

“नाहीये.”

“असं कसं नाहीये?” तिने वाकून पाहिलं. पोटात दिव्याच्या वर एक गोल चकती होती. “ते बघ. आत आहे. अगं, तुझा हात पोचेल. आत लाव.”

बायको वाकली. हळदीकुंकवाची बोटं घेऊन, खांद्यापर्यंत आत. तिचं मंगळसूत्र पुढे लोंबलं आणि दोन फासळ्यांच्या मध्ये उतरलं. ते सोन्याच्या तारेत गाठवलेलं, दुपदरी, आणि त्याला मागे हूक नव्हता. हूक आईनेच नको म्हटलं होतं. सुटतं ते कसलं मंगळसूत्र, असं तिचं मत. मला ते लोंबताना दिसलं. मला काहीतरी म्हणायचं होतं. तेवढ्यात माझ्या मागे आईने, अत्यंत शांतपणे, एक शब्दही न बोलता, सिमेंटच्या जमिनीवर नारळ आपटला.

तोफ परवडली. विटांच्या त्या हॉलमध्ये तो आवाज वीज पडल्यासारखा फुटला. वरचे करकोचे हलले. लाजाळू मिटली.

बायकोने हात कसा बाहेर ओढला तिलाच ठाऊक. हात आला, मंगळसूत्र राहिलं. फासळ्या एकीवर एक सरकत मिटतात, खिडकीच्या झडपांसारख्या. त्यांनी तार गुंडाळून आत ओढली आणि तिची मान खाली खेचली. ती ओरडली नाही. तिने फक्त “अं” केलं. ओरडायचं काम आईने घेतलं, ते तुम्ही सुरुवातीला ऐकलंच आहे.

बाई मात्र हलल्या. भिंतीवरून तार तोडायची मोठी पकड काढली, आणि मोज्यांच्या पावलांनी बायकोपाशी आल्या. मानेमागे तार आणि कातडी यांच्या मध्ये अजून एक बोट जाईल एवढी फट होती. पकडीचं एक पातं त्यांनी तिथे अलगद सरकवायला घेतलं. आणि आईला कळलं काय तोडणार आहेत ते.

“नाही! मंगळसूत्र नाही! तोडायचं नाही!”

माझ्या आईने आयुष्यात मारलेल्या सगळ्या हाका एकत्र केल्या तरी ती एक किंकाळी भरणार नाही. फासळ्या करकरल्या. फट गेली. तार मानेत रुतली, काळे मणी कातडीत बसले, आणि पकडीचं पातं बाहेरच राहिलं. आता तिथे सुईही गेली नसती.

आईने स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात दाबले. आपण काय केलं हे तिला दिसलं होतं.

मी भिंतीकडे धावलो. प्लग! कुठल्याही माणसाला पहिल्यांदा प्लगच सुचेल. मी प्लगवर हात ठेवला आणि माझं मनगट कुणीतरी असं धरलं की हाड वाजलं. बाई. त्या बोलल्या नाहीत, फक्त मान हलवली. आणि मला आठवलं. वीज तुटली तर पूर्ण मिटायचं. ती ओळ मीच लिहिली होती, तीनदा तपासली होती. चकली झालेला स्क्रूड्रायव्हर माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याच्यापेक्षा तिची मान किती मऊ आहे हा विचार मी करायचा नाही म्हटलं आणि दुसरा कुठलाच विचार येईना. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग आईचा हात धरून तिला जमिनीवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. आता एकच रस्ता होता. गप्प बसायचं. म्हणजे मी आणि माझी आई, ज्यांना गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, झोपेतसुद्धा नाही.

आणि तेवढ्यात मला माझ्या खिशातला फोन आठवला.

मामा! तो दर वर्षी तिकडे दसरा उजाडायच्या आत, झोपण्यापूर्वी फोन करायचा. तिकडे आता झोपायचीच वेळ. आवाज बंद करायला बटणं दाबावीत तर प्रत्येक बटण टुंक करायचं, फोनच बंद करावा तर तो बंद होतानाही एक धून वाजवायचा, तेव्हाचे सगळेच वाजवायचे. बाहेर घेऊन जावा तर कारखान्याचं लोखंडी सरकतं दार आगगाडीसारखं किंचाळायचं. मी तो दोन बोटांनी बाहेर काढला, जसा विंचू काढावा. मागचं झाकण नखाने उचललं. ‘कट्’ झालं. एवढासा आवाज. फासळ्या थरथरल्या. बायकोचा डोळा, मला दिसत होता तो एकच, मोठा झाला. मी थांबलो. मग बॅटरी उपटली.

मग शांतता.

मी पुष्कळ शांतता ऐकली आहे. बर्फ पडल्यावरची, परीक्षेच्या हॉलमधली, बॉसने सगळ्यांना एकदम खोलीत बोलावल्यावरची. ही तशी नव्हती. ही कानात दुखत होती. फुटलेल्या नारळाचं पाणी जमिनीवरून वाहत आलं आणि माझ्या मोज्यात शिरलं, गार. मी पाय हलवला नाही. नारिंगी दिवा मंद झाला, उजळला. त्याच्या उजेडात तिच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती, काळ्या मण्यांच्या अगदी शेजारी. तिने माझ्याकडे पाहिलं, मग डोळा मिटला. मला वाटलं संपलं. मग तिची पाठ वर झाली, खाली झाली. ती मुद्दाम सावकाश श्वास घेत होती. दिव्याच्या तालात. दिवा उजळला की आत, मंद झाला की बाहेर.

आईने पदर तोंडात कोंबला होता. बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि दोघी एकमेकींकडे न बघता समोर बघत होत्या.

मी मनातल्या मनात कोड चालवत होतो. आवाज नाही, थांबा. आवाज नाही, थांबा. माझ्या हिशेबाने ते आतापर्यंत उघडायला हवं होतं. उघडलं नाही. मग मी सगळं पहिल्यापासून चालवलं. पुन्हा तेच, उघडायला हवं होतं. नाही. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकून त्या शर्टांच्या गल्लीपर्यंत गेलं. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. त्यातलं निम्मंही करायचं तर नोकरी सोडावी लागली असती. शेवटी कबूल करायलाही काही उरलं नाही, आणि मी नुसता भिंतीला टेकून राहिलो.

तेव्हा एक फासळी हलली.

खूप हळू. सकाळी कुणीतरी डोळे किलकिले करावे तशी. मग दुसरी. कागद सैल पडला, तार सुटली, आणि मंगळसूत्र वर आलं, एका वाटीला जरासा पोचा पडलेलं. बायको एकदम सरळ झाली नाही. तिने आधी एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं, आणि हातभर लांब आल्यावर ताठ उभी राहिली. मानेभोवती लाल रेघ, तिच्यात मण्यांचे ठसे, मोजून घ्यावेत इतके स्वच्छ.

कुणी ओरडलं नाही. आई तिच्यापाशी गेली आणि तिच्या मानेवर आपला गार हात ठेवून उभी राहिली. बाईंनी तांदळाचा केक लाजाळूसमोर ठेवला आणि जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला. आम्ही चपला हातात घेऊन बाहेर पडलो. त्या लोखंडी दारापुढे थबकलो, आणि मग बाईंनी ते इंच-इंच सरकवून दिलं.

गाडीत बसल्यावर माझा आवाज परत आला, आणि आला तो दोन माणसांचा. हायवेला लागेपर्यंत मी सगळं पुन्हा सांगून टाकलं. मी कसा अजिबात डगमगलो नाही. फोन कसा शिताफीने उघडला. प्लगचं कसं ऐन वेळी लक्षात आलं. आई मागच्या सीटवर नारळाची दोन भकलं मांडीत घेऊन बसली होती, ती एकदाही ‘हो’ म्हणाली नाही.

“एक मात्र कळत नाही,” मी म्हणालो. “कोड बरोबर आहे. आवाज थांबल्यावर ते कधीच उघडायला हवं होतं. एवढा वेळ का लागला? कुठेतरी बग असणार. उद्या जाऊन बघतो.”

बायको काचेतून बाहेर बघत होती.

“बग नाहीये,” ती म्हणाली. “तू रडत होतास.”